एक रिंग

ती आली तेव्हा दोन वाजत आले होते,
खिडकी बंद करायची वेळ.
कामारिन्यासहून दोन बस बदलून आलेली.
बिल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मासळीच्या दुकानाची.
ओब्दुलिया लेमा, वय एक्क्याऐंशी,
व्यवसाय: लेस विणणे.
"दोनशे चौदा युरो," ती म्हणाली,
"एवढ्यात माझं हिवाळ्याचं सरपण येतं."

बिल पाहिलं. तोच प्रकार.
पहाटे तीनला फोन एकदाच वाजतो आणि गप्प होतो.
पलीकडे माणूस नसतो, यंत्र असतं,
घराघरांच्या कड्या वाजवून पळणाऱ्या पोरासारखं.
फरक इतकाच, की तुम्ही दार उघडून
कोण आहे म्हणून विचारलंत
की मिनिटाला पाच युरो.

हे मी दिवसातून दहादा समजावतो.
माझी मेलपेटी तरी कुठे वेगळी आहे?
आज सकाळीच एका दिवंगत जनरलच्या बायकोने
मला नव्वद लाख देऊ केले,
आणि ज्या बँकेत माझं खातंच नाही
तिने ते गोठवलं.
कॉफी निवायच्या आत सगळं पुसून टाकतो.
मला वाटायचं, हाव असते तोच फसतो.

"उलट फोन का केलात?"
सवयीचा प्रश्न. फॉर्मवर त्याला एक चौकोन आहे.

"एक रिंग म्हणजे शुर्शो."

मुलगा. खाली दक्षिणेला, माकुळाच्या बोटीवर.
पंचवीस वर्षांचा ठराव:
बंदराला लागला की एक रिंग द्यायची
आणि तिने उचलायचं नाही.
पोचलो, जेवलो, धडधाकट आहे.
उचललं तर पैसे पडतात,
न उचललेली बातमी फुकट.

"पण या वेळी तो बंदरात नव्हता,
आणखी महिनाभर तरी लागणार नव्हता.
मग अवेळी का वाजवली?"

पलीकडे नुसती खरखर होती.
तिला वाटलं, वारा.
मग तीच बोलत राहिली:
कौलांवर शेवाळ चढलंय, कुत्री व्यालीय,
एरुंडिना गेली, शेवटी तुझी आठवण काढत होती,
उजव्या डोळ्याला आता टाचणीचं डोकं दिसत नाही,
हातानेच चाचपते.
"मधे मधे थांबत होते," ती म्हणाली,
"त्यालाही बोलता यावं म्हणून."

बेचाळीस मिनिटं आणि काही सेकंद.

मी फॉर्मकडे पाहिलं.
कॉल ग्राहकाने स्वतः केला: होय.
मी म्हटलं, महागडे परदेशी नंबर बंदच करून टाकतो,
एक बटण दाबायचं, झालं.
"आणि बोटीवरचा फोन?"
सॅटेलाइटचे नंबर त्याच यादीत होते.
बटण एकच.

"मग राहू दे उघडं."

माझीच पेन्सिल उचलून तिने पुढे केली.
मी कागदावर लिहिलं: आठ, सात, शून्य.
"मोठं काढा."
मोठं काढलं.
लेसच्या उशीवर टाचून ठेवते म्हणाली,
तिथे माझी नजर दिवसभर असते.
आणि बजावून सांगितलं मी,
दुसरा कुठलाही नंबर दिसला
तर कितीही वाजू दे, हात लावायचा नाही.

तीन आठवडे वरच्या मजल्याशी भांडलो.
शेवटी अर्धे पैसे परत द्यायला कबूल झाले,
का ते मलाही नीट कळलं नाही.
लगेच तिला फोन लावला.
वाजला, वाजतच राहिला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग शुक्रवारी.
उचलला नाही.
माझा नंबर त्या कागदावर नव्हता.

आता पत्र लिहायला बसलोय,
तिकीट लावून पाठवीन.
तीन कागद फाडून झाले.
कशीही सुरुवात केली तरी
जनरलच्या बायकोचंच अक्षर उमटतं:
आदरणीय बाई,
आपल्याला कळवण्यास अत्यंत आनंद होतो
की आपल्या नावे एक रक्कम